बुधवारचं दूध

माझ्या सासूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी नवरात्राचा उपवास धरला आणि एकाही वर्षी त्यांना तो पुरा करता आला नाही. तिसऱ्या माळेला पोट बिघडायचं, चौथ्या माळेला अंथरूण धरायच्या आणि पाचव्या माळेला घरातलं कुणीतरी दटावून त्यांना मऊ भात भरवायचं. पोटाचं दुखणं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. जिवाला लागलं होतं ते वेगळंच. देवीनं आपल्याला पदरात घेतलेलं नाही, असं त्यांनी नव्या नवरीच्या वयात ठरवून टाकलं होतं आणि सत्तरी जवळ आली तरी ते त्यांच्या मनातून कुणाला काढता आलं नव्हतं.

सासूला आमच्या घरी आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. घर विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या एका वाडीत. माझं माहेर उत्रोलीचं, भातशेतीचं. लग्न झालं तेव्हा मी बी.एस्सी. बी.एड. होते आणि त्याचा मला गरजेपेक्षा जरा जास्तच तोरा होता. जवळच्या हायस्कुलात नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्याला बावीस वर्षं झाली. आनुवंशिकतेचा धडा आला की मी पोरांना घरच्यांचे कान तपासायला लावते. कुणाची पाळी मोकळी, कुणाची चिकटलेली, आजोबांपासून धाकट्या भावापर्यंत सगळ्यांचा तक्ता करून आणायचा. पूर्वी जीभ नळीसारखी दुमडता येते का तेही बघायला सांगायची, पण ते प्रकरण वाटतं तेवढं सरळ नाही असं वाचल्यावर सोडून दिलं. पोरं हा धडा फार आवडीनं करतात. गावभरचे कान तपासणाऱ्या या बाईला स्वतःच्या घरातलं एक ठळक लक्षण मात्र बावीस वर्षं दिसलं नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

आमच्या घरचा उपवास साधासुधा नाही. कुणा पणजोबाच्या बापाच्या काळात म्हशींना रोग आला होता म्हणे. तेव्हा त्यानं देवीला नवस बोलला की घट बसले की नऊ दिवस घरचं दूध घराबाहेर जाणार नाही आणि घरची सून नऊ दिवस नुसत्या दुधावर राहील. नवस बोलला पुरुषानं आणि फेडायचा बायकांनी, हे काही मला नवीन नव्हतं. आजही ते नऊ दिवस आमच्या चार म्हशींचं दूध डेअरीला जात नाही. गाडीवाल्याला ते ठाऊक आहे, तो आमच्या फाट्यावर थांबतच नाही. दूध आटवून बासुंदी होते, शेजारीपाजारी येऊन घरात बसून पिऊन जातात, आणि घटासमोर सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या दूध ठेवून तेच उपवासवालीनं प्यायचं. दुसरं काही तोंडात घालायचं नाही.

या उपवासाची आणखी एक अट आहे. एकदा तरी नऊच्या नऊ माळा पुऱ्या केल्याशिवाय सासूनं तो सुनेच्या ओटीत घालायचा नाही. आत्यांच्या पुऱ्या झाल्या नाहीत, म्हणून तो माझ्याकडे आला नाही. मला त्याची घाई नव्हती, हेही सांगते. चहापुरतं दूध सोडलं तर मी दुधाच्या वाटेला जात नाही, आणि बासुंदीची वाटी संपवली की माझ्याही पोटात दोन तास गुडगुडतं. पण आत्यांना मात्र ते देणं डोक्यावर घेऊन मरायचं नव्हतं. दर वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी त्या म्हणायच्या, "औंदा तरी देवीनं मला धड उभी ठेवावी." आणि तिसऱ्या माळेला परसाकडे जाताना त्यांचा चेहरा बघवायचा नाही.

त्या घाटाखालच्या. मढे घाट उतरून गेलं की कोकणपट्टीतलं जे पहिलं-दुसरं गाव लागतं, तिथलं त्यांचं माहेर. वऱ्हाड घाट चढून पायी आलं होतं आणि नवरीच्या पायात काटा मोडला होता, ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. माहेरी भात, नाचणी, सुकट, ओढ्यातले खेकडे. गाय होती, पण तिचं दूध वासराला पुरलं तर पुरलं. चहा कोरा. सासरी आल्या तर घरात हंड्यानं दूध. सासरे, दीर, सगळे उंचेपुरे, धार काढता काढता तिथंच उभ्यानं तांब्या तोंडाला लावणारे. माझा नवराही त्यातलाच. अजून सकाळी अर्धा लिटर कच्चं दूध रिचवून शेतावर जातो आणि त्याला ढेकरसुद्धा येत नाही.

पहिल्याच नवरात्रात आत्या तिसऱ्या दिवशी आडव्या झाल्या. तेव्हा त्यांची सासू, म्हणजे माझी आजेसासू, सगळ्या बायकांसमोर म्हणाली होती, "घाटाखालची हाय. देवीनं तिला आपली म्हनली न्हाई." म्हातारी बोलून गेली आणि पुढं विसरलीही असेल. आत्यांनी ते शब्द उराशी धरले. त्यानंतर घरात काही वाईट झालं, म्हैस गाभडली, धाकट्या दिराचं लग्न मोडलं, की त्या आत जाऊन बसायच्या. कुणी त्यांना दोष द्यायचं नाही. त्या स्वतःच घ्यायच्या.

मी काय केलं? मी त्यांना समजावलं की हे मनाचं आहे. "तुमी आधीच घाबरता, म्हणून पोट बिघडतं," असं मी शिकल्यासवरल्या आवाजात सांगायची. आणि उपवास मोडल्यावर अशक्तपणा भरून यावा म्हणून संध्याकाळी हळद घालून कपभर गरम दूध द्यायची. त्या बिचाऱ्या मुकाट्यानं प्यायच्या, की सून शिकलेली आहे, तिला कळतं. त्यामुळे त्यांचं दुखणं दसऱ्यापर्यंत लांबायचं. आता आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गेल्या वर्षी हद्द झाली. चौथ्या माळेला आत्यांना चक्कर आली, जीभ कोरडी पडली, हातपाय गार. सरकारी दवाखान्यात नेऊन दोन बाटल्या सलाईन लावावं लागलं. तिथं पडल्या पडल्या त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "पुढल्या साली पुरं करनार. न्हाई झालं तर तसंच घटापुढं मरनार, पन मधी सोडनार न्हाई." नवरा बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आत्या बोललेलं करणाऱ्यातल्या आहेत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

म्हणून या वर्षी श्रावण संपता संपता मी त्यांना गुडघ्यांचं निमित्त करून भोरला नेलं. पोटासाठी चला म्हटलं असतं तर त्या जागच्या हलल्या नसत्या. वडापच्या जीपनं हायवेला, तिथून कापूरहोळ, कापूरहोळला एसटीची वाट बघत वडापाव, मग भोर. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण कान देऊन ऐकणाऱ्या. त्यांनी गुडघे बघितले आणि मग मी गेल्या वर्षीचं सलाईनचं सगळं सांगितलं. आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, परतीच्या प्रवासात ही बाई माझ्याशी बोलायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं करायला लावलं. पोटात काही वाढलं असेल या भीतीनं माझी पाचावर धारण बसली होती. रिपोर्ट आले. सगळं स्वच्छ. तिथंच मला रडू फुटलं आणि आत्या मलाच समजवायला लागल्या. मग डॉक्टरीणबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजी, एरवी दूध पिता का हो?"

"न्हाई बा. मला आवडतच न्हाई. कोरा चा घेते."

"आणि ताक?"

"ताक रोजचं. जेवताना गलासभर लागतंच."

"ताकानं काही होत नाही?"

"ताकानं काय व्हायचंय?" आत्या म्हणाल्या. "ताक म्हंजी दूध न्हवं."

बावीस वर्षं ही बाई माझ्यासमोर ताक पीत होती आणि दूध टाळत होती. उपवासाच्या नऊ दिवसांतच तेवढं दूध पोटात जात होतं आणि त्याच दिवसांत पोट बिघडत होतं. माझ्या नववीतल्या कुठल्याही पोरीनं तक्ता मांडून दोन मिनिटांत उत्तर काढलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. तान्ह्या बाळाच्या पोटात दुधातली साखर फोडणारं विकर असतं. अंगावरचं पिणं सुटलं की ते हळूहळू कमी होतं. वासराचं तसंच, मांजराचं तसंच आणि जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांचंही तसंच. ती साखर न फुटता खाली गेली की पोट फुगतं, कळा येतात, जुलाब होतात. दह्या-ताकात विरजणानं ती साखर बरीचशी खाल्लेली असते, म्हणून ते झेपतं. हा आजार नव्हे. "तुमच्या मुलाला दूध पचतं ना, तोच खरं तर वेगळा आहे," असं त्या हसून म्हणाल्या. मग त्यांनी खात्री करून घ्यायचा उपाय दिला. काही दिवस दूध पूर्ण बंद, आणि मग एका सकाळी उपाशीपोटी ग्लासभर दूध पिऊन बघायचं.

आत्या घरी येईपर्यंत खरंच बोलल्या नाहीत. फाट्यावर उतरून वाडीकडे चालायला लागलो तेव्हा थांबल्या आणि म्हणाल्या, "करू तसं. पन दिवस म्या ठरवनार."

दिवस त्यांनी ज्या पद्धतीनं ठरवला, ती कुठल्याही प्रयोगशाळेला शोभली असती. देवी बसलेली नसतानाही जर दूध बाधलं, तर देवीचा त्यात हात नाही. त्यासाठी देवीचा काय, कुठल्याच देवाचा दिवस नको. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. त्यांनी बोटं मोजली. "बुधवार तेवढा मोकळा हाय." शिवाय गौरी-गणपती घरून गेलेले असावेत आणि पितर अजून आलेले नसावेत, नाहीतर ते रागावले म्हणायला जागा राहील. असा एकच बुधवार भाद्रपदात सापडत होता. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

त्या बुधवारी सकाळी सातला एकाच म्हशीचं, एकाच चरवीतलं दूध मी दोन पेल्यांत ओतलं. एक आत्यांना, एक नवऱ्याला. नवऱ्यानं आपला पेला एका दमात संपवला आणि मिशी पुसली. आत्यांनी डोळे मिटून औषध घ्यावं तसं घेतलं. मग आम्ही तिघं पडवीत बसलो. मी वह्या तपासायच्या म्हणून घेतल्या होत्या, त्यातली एकही तपासली नाही.

आठ वाजले. काही नाही. सव्वाआठ झाले. आत्या म्हणाल्या, "काय बी होत न्हाई ग." त्यांचा आवाज मला ओळखू येईना. पोट दुखलं नाही तर या बाईच्या मनात एकच उत्तर उरणार होतं, की दूध निर्दोष आहे आणि देवीच नको म्हणते. सासूचं पोट दुखावं म्हणून मनापासून धावा करणारी सून त्या सकाळी अख्ख्या वेल्हे तालुक्यात मी एकटीच असेन. नवरा उठून गोठ्यात गेला, परत आला, परत गेला.

साडेआठ होऊन गेले असतील. आत्यांनी एकदम हात पोटावर ठेवला. मग माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "वाजतंय का बघ."

वाजत होतं. चांगलं वाजत होतं.

"दुखतंय का?"

"दुखतंय. लई दुखतंय," त्या म्हणाल्या आणि त्यांचं तोंड हसण्यानं भरून गेलं. "तसंच हाय बग. नवरात्रातल्यावानीच हाय. आन् देवी तर अजून यायचीय."

असं बोलून त्या घाईनं परसाकडे गेल्या. परत आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या, परत गेल्या. दुसऱ्यांदा आल्यावर पायरीवर बसून रडायला लागल्या. मोठ्यानं, लहान पोरीसारखं. नवरा गडबडून गेला, त्याला वाटलं दुखणं वाढलं. मला मात्र कळत होतं. मीही त्यांच्या शेजारी बसून रडले आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

रडणं आवरल्यावर त्यांनी माझा समाचार घेतला. "तू शाळंत हेच शिकवतीस न्हवं? बापाचं कान आन् आयचं नाक?"

"व्हय, आत्या."

"मंग बावीस वर्सं गप का बसलीस?"

मी एवढंच म्हणाले, की चुकलं. त्या म्हणाल्या, "आता तरी नीट सांग. मला का पचंना आन् ह्यास्नी का पचतंय?"

मग मी त्यांना सांगितलं, दुपारी पडवीत घेवड्याच्या शेंगा सोलता सोलता. कोणे एके काळी कुणालाच मोठेपणी दूध पचत नव्हतं. मग गुरं पाळणाऱ्या माणसांत कुठंतरी एखादं पोर असं जन्मलं, की दूध सुटलं तरी त्याच्या पोटातलं ते विकर आटलं नाही. त्यात त्या पोराची काही हुशारी नव्हती. पण पीक बुडालं, पाणी गढूळ झालं, अशा वर्षी ज्याला गुरांचं दूध झेपलं तो तगला. त्याला मुलं झाली, त्यांतल्या काहींना ते पोट मिळालं. हे एकाच जागी झालं नाही, गुरं राखणाऱ्या निरनिराळ्या मुलखांत निरनिराळं झालं. आपल्या देशात असं पोट वायव्येकडं जास्त दिसतं आणि दक्षिणेला, पूर्वेला जावं तसं कमी होत जातं. गुरांमागं माणसं फिरली, माणसांबरोबर लग्नं फिरली, आणि ते पोट एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेलं. आपण मधे पडतो. म्हणून आपल्याकडे एकाच पंगतीत बसलेल्या दोघांचं वेगवेगळं.

"म्हंजी ह्या घरातली मान्सं नवी आन् मी जुनी," आत्या म्हणाल्या.

"हां. पोटाच्या बाबतीत तुमी मूळच्या."

हे त्यांना फार आवडलं. संध्याकाळी डेअरीच्या गाडीला दूध घालायला निघालेल्या आपल्या मुलाला त्यांनी दोनदा ऐकवलं की तू नवा आहेस, मी मूळची.

मी शाळेत "नैसर्गिक निवड" हे शब्द फळ्यावर लिहीत आले आहे. त्या दिवसापासून तो "निवड" शब्द मला खुपायला लागला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी बसून चांगले-वाईट वेगळे काढतंय, पदरात घेतंय नाहीतर टाकतंय. तसं काहीच नसतं. डोंगरावर गुरं होती म्हणून एक पोट उपयोगी पडलं, घाटाखाली नाचणी आणि मासळीवर भागत होतं म्हणून तिथं त्याची गरज पडली नाही. घाटाच्या वाटेनं मीठ वर आलं, सुकट आली, सुना आल्या, आणि प्रत्येक सून आपले कान, आपलं नाक, आपलं पोट घेऊन आली. हे घर घाटावरचं म्हणवतं, पण यातली निम्मी माणसं घाटाखालून चढून आलेल्या बायकांच्या पोटची आहेत. आता मी पोरांना हे असंच सांगते. कानांबरोबर घरात दूध कुणाला पचतं तेही विचारून आणायला लावते, आणि काय आश्चर्य, प्रत्येक वर्गात पाच-सहा आज्या सापडतात ज्यांना "दूध आवडत नाही".

आमच्या बारा वर्षांच्या लेकीचंही त्याच आठवड्यात उघड झालं. आजी रोज संध्याकाळी तिला कपभर दूध द्यायची आणि ती ते मांजराला पाजायची, हे मला ठाऊक होतं. मी त्याला लाडावलेपण समजत होते; आता विचारलं तर म्हणाली, प्यायलं की पोट दुखतं. नवऱ्याला पचतं, म्हणजे त्याच्याकडं बापाकडून एक पचणारा वाटा आणि आईकडून एक न पचणारा. मी तर न पचणाऱ्यातलीच. लेकीला बापाकडून नेमका आजीचा वाटा मिळाला. हे मी कागदावर चौकटी काढून आत्यांना दाखवलं. त्यांनी चौकटींकडे बघितलंही नाही. नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "तुला कुनी दूध पाजलं तर मला सांग." इतकी वर्षं त्यांना आतून भीती होती की देवीचा आपल्यावरचा राग या पोरीवर उतरेल, हे त्यांनी मला त्या रात्रीच्या भाकरी थापताना सांगितलं.

मग घट बसले. आदल्या दिवशी नवऱ्यानं शंका काढली की नवस दुधाचा आहे, ताकाचा नाही. आत्यांनी त्याला विचारलं, "दही कशाचं लागतं?" तो म्हणाला, दुधाचं. "कुनाच्या म्हशीचं?" आपल्याच. "मंग घराबाहीर गेलं का?" डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं म्हणून रोज दोन केळी आणि एक उकडलेलं रताळंही ठरलं. ते औषध म्हणून घ्यायचं, उपवास म्हणून नाही, असा निकाल आत्यांनीच दिला. घटासमोर तांब्याच्या जागी दह्याचं गाडगं आलं.

तिसरी माळ आली तेव्हा मी शाळेतून दोनदा फोन केला. चौथ्या माळेला आत्या म्हशींना वैरण टाकत होत्या. पाचव्या माळेला शेजारणी बघायला आल्या, दर वर्षी यायच्या तशाच, चेहरे पाडून, आणि आत्यांनी त्यांनाच चहा करून दिला. सहाव्या, सातव्या माळेला घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून. मीसुद्धा बोलले नाही. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, पण म्हटलं, कशाला विषाची परीक्षा.

नवव्या माळेला संध्याकाळी आरती झाली. बायका प्रसाद घेऊन गेल्या, नवरा गोठ्यात गेला. आत्या घटासमोर मांडी घालून बसल्या होत्या. बराच वेळ झाला तरी उठेनात, म्हणून मी ताकाचा पेला घेऊन मागं जाऊन बसले. पायांना मुंग्या आल्या का विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"काय मागावं त्ये सुचंना," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं नुसती माफीच मागत आले. हितं बसलं की तेवढंच तोंडात यायचं. आता माफी तर कशाची मागू?"

मी म्हणाले, गुडघ्यांचं मागा. त्या म्हणाल्या, गुडघ्यांना डॉक्टरीण आहे. नातीच्या शिक्षणाचं मागा म्हटलं, तर म्हणाल्या ती हुशार आहे, करील. मग पुन्हा हात जोडले. त्यांनी काहीच मागितलं नाही. घटाकडे वाकून, पुष्कळ वर्षांनी बोलणं सुरू झालेल्या बहिणीला विचारावं तसं त्यांनी हळूच देवीला विचारलं, "तू बरी हायेस न्हवं?" आणि माझ्या हातातला पेला घेऊन सगळं ताक पिऊन टाकलं.